हुशार मुलाच्या हाती कोणते पुस्तक द्यावे?



शाळेचे निकाल लागले की मिस्सानंतर आवारात एक प्रश्न हमखास कानावर येतो. "आमचा मुलगा वर्गात सगळ्यांच्या पुढे आहे. त्याला आणखी काय वाचायला द्यावे?" प्रश्न चांगला आहे. पण तो विचारणाऱ्या आई-वडिलांच्या मनात बहुतेक वेळा शिष्यवृत्तीची परीक्षा असते, टाकळी ढोकेश्वरच्या नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा असते आणि त्याही पलीकडे डॉक्टर किंवा इंजिनिअर झालेला मुलगा उभा असतो. त्यामुळे पुस्तक म्हणजे गाइड, प्रश्नसंच आणि सामान्यज्ञान एवढेच उरते. या परीक्षा द्याव्यात, त्यांत गैर काही नाही. परंतु पुस्तकाचे नाव सांगण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर आपण शोधले पाहिजे, असे आम्हांला वाटते. मुलाला मिळालेली ही बुद्धी कोणाची आहे?

मुलाने ती कमावलेली नाही. आई-वडिलांनी ती विकत आणलेली नाही. परदेशी निघालेल्या धन्याने आपल्या दासांवर पैसे सोपवले, तो दाखला आपल्याला पाठ आहे. कोणाला जास्त दिले, कोणाला कमी. पण सगळे पैसे धन्याचेच होते. ज्याला पाच मिळाले तो एक मिळालेल्यापेक्षा श्रेष्ठ ठरला नाही, त्याची जबाबदारी तेवढी वाढली. हुशार मूल हे असे सोपवलेले धन आहे. ते वाढवायचे आहे, पण आपली मालमत्ता समजून मिरवायचे नाही.

इथे एक खरा पेच उभा राहतो. घरात दोन मुले आहेत. पैसा बेताचा आहे. एकाला वाचनाची विलक्षण ओढ, दुसऱ्याला नाही. पहिल्याला जास्त दिले तर दुसऱ्यावर अन्याय होतो का? आम्हांला वाटते, सगळ्यांना अगदी सारखे देणे म्हणजे न्याय नव्हे. ताटात भाकरी वाढताना आई प्रत्येकाची भूक पाहते. ज्याला पुस्तकांची भूक आहे त्याला पुस्तक द्यावे. ज्याचा हात सुतारकामात किंवा शेतात चालतो त्याला त्याचे साधन द्यावे. मात्र माया सारखीच हवी. "तू हुशार आहेस म्हणून लाडका" हे वाक्य दोन्ही मुलांना इजा करते. एकाला आपण कमी आहोत असे वाटते आणि दुसऱ्याला पहिला नंबर गेला तर माया जाईल अशी धास्ती वाटते.

आणि ही भूक मुलीला असली तर? आपल्याच तालुक्यातले चोंडी गाव आठवा. तिथे १७२५ साली पाटलाच्या घरी एक मुलगी जन्मली. मुलींना अक्षरओळख करून देण्याची रीत नव्हती, त्या काळात वडील माणकोजी शिंदे यांनी तिला लिहायला-वाचायला शिकवले, असे सांगतात. पुढे सासरे मल्हारराव होळकर यांनी तिला हिशेब आणि कारभार शिकवला. ती मुलगी म्हणजे अहिल्याबाई. १७६७ ते १७९५ अशी २८ वर्षे त्यांनी राज्य चालवले. देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. आज जिल्ह्याला त्यांचे नाव आहे. एका गावच्या पाटलाने "मुलीला कशाला अक्षरे?" असे म्हटले असते, तर काय गमावले असते याचा विचार करा. आजही काही घरांत मुलगा अभ्यासाला बसतो आणि तेवढीच हुशार मुलगी पाणी भरते. तिच्याबाबतीत सोपवलेले धन आपणच जमिनीत पुरून ठेवतो.

हुशार मुलाच्या आई-वडिलांनी लूकच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय पुन्हा एकदा सावकाश वाचावा. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसला आहे. तो ऐकतो आहे आणि प्रश्न विचारतो आहे. त्याच्या समजशक्तीने लोक थक्क झाले आहेत. मरिया आणि योसेफ तीन दिवस त्याला शोधत होते, आणि त्याने दिलेले उत्तर त्यांना उमगलेही नाही. तरी त्यांनी त्याच्यावर राग धरला नाही, की लोकांत त्याचा मोठेपणा सांगत फिरले नाहीत. त्याला घेऊन नासरेथला परत आले, तो त्यांच्या आज्ञेत राहिला आणि आईने सारे अंतःकरणात जपून ठेवले. आपल्या मुलाचे सगळे बोलणे आपल्याला समजलेच पाहिजे असे नाही. त्याचे प्रश्न मात्र ऐकले पाहिजेत आणि त्याला परत यायला घर असले पाहिजे.

घर का हवे, याचे उदाहरण नगर शहरातच आहे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. त्यात त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या वयाच्या मुलाने कविता म्हटली आणि थोरामोठ्यांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. टाळ्या मिळाल्या, पण एवढ्याने मूल वाढत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी आणले आणि लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखे सांभाळले. या लक्ष्मीबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या. लग्नानंतर पतीकडून अक्षरे शिकल्या. प्रतिभावान मुलाला त्यांनी काय दिले? जेवण, माया, रागे भरणारे माणूस आणि जिथे दिवसभर कवितेची, पुस्तकांची बोलणी चालतात असे घर. पुढे त्याच लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिली आणि टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पूर्ण केले. आई शिकलेली नाही म्हणून मुलाच्या बुद्धीला घरी वाव नाही, असे कोणी म्हणू नये.

आता पुस्तकांकडे येऊ. हुशार मुलाची समज वयाच्या पुढे धावते, पण मन वयाएवढेच असते. दहा वर्षांचे मूल पंधरा वर्षांच्या मुलाचे गणित सोडवील, आणि त्याच रात्री अंधाराला भिऊन आईजवळ झोपेल. म्हणून त्याला केवळ अवघड पुस्तके देऊन भागत नाही. डोक्याला खाद्य हवे, तसे मनालाही हवे.

लहान मुलांसाठी बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आहे. त्याचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे गोडीने वाचला जातो. शास्त्राची आवड असेल तर डॉ. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा आणि खगोलशास्त्रावरची पुस्तके द्यावीत. प्रश्न संपतच नसतील तर मराठी विश्वकोश फोनवर उघडून द्यावा. फोनचा तो चांगला उपयोग आहे. आणि साने गुरुजींची 'श्यामची आई' द्यावी, कारण त्यात परीक्षेला उपयोगी काही नाही आणि माणूस होण्यासाठी पुष्कळ आहे. थोरांची चरित्रे देताना एक पाहावे. ज्या चरित्रात नुसती स्तुती आहे, चूक नाही, अपयश नाही, ते हुशार मुलाला घातक ठरते. पहिल्यांदा नापास झाल्यावर आपण थोर होणार नाही असे त्याला वाटू लागते.

पालकांनीही वाचावे. 'तोत्तोचान' हे जपानी लेखिका तेत्सुको कुरोयानागी यांचे पुस्तक मराठीत आहे. पहिल्या शाळेने काढून टाकलेली ही चिमुरडी नव्या शाळेत गेली, तेव्हा मुख्याध्यापकांनी पहिल्याच दिवशी काही तास बसून तिचे सगळे बोलणे ऐकून घेतले. आपण आपल्या मुलाचे असे शेवटचे कधी ऐकले? ज्यांना वाचता येत नाही त्यांनी संध्याकाळी मुलाला मोठ्याने वाचायला सांगावे आणि आजीसकट सर्वांनी ऐकावे. मुलाला श्रोता मिळतो आणि आपली बुद्धी घराच्या उपयोगी पडते हेही कळते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी कोपीवर भांड्यांबरोबर दोन पुस्तके न्यावीत. त्यांना जागा फार लागत नाही.

बुद्धी कुठे दडलेली असते, हे जामखेडला कोणी नव्याने सांगायला नको. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दोन उच्चशिक्षित डॉक्टर इथे आले. मोठ्या शहरात किंवा परदेशात त्यांना काही कमी पडले नसते. त्यांनी खेड्यांतल्या अशा बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवले, ज्यांतल्या कित्येकींना सही करता येत नव्हती. त्या सुरक्षित बाळंतपणे करू लागल्या, मुलांचे आजार ओळखू लागल्या. बुद्धी त्यांच्याजवळ होतीच, फक्त तोवर कोणी विचारले नव्हते. त्यांच्यातली एक अमेरिकेतल्या परिषदेत बोलायला गेली. सभागृहातल्या झुंबरांकडे पाहून तिने सांगितले की ती सुंदर पण महाग आणि दूरची आहेत. मग आपल्याजवळची साधी वातीची दिवटी पेटवून तिने दाखवले की ही स्वस्त आहे आणि हिच्यावरून दुसरी पेटवता येते. हुशार मुलाला झुंबर करायचे की दिवटी, हे आपण त्याच्या हाती काय देतो आणि घरात काय बोलतो यावर बरेच ठरते.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. आपल्या चर्चमध्ये पुस्तकांचे एक कपाट असावे. प्रत्येक घराने वाचून झालेली दोन पुस्तके त्यात आणून ठेवावीत. जो मुलगा किंवा मुलगी सर्वांत जास्त वाचते, तिच्याकडे किल्ली द्यावी आणि रविवारी मिस्सानंतर अर्धा तास लहानांना वाचून दाखवण्याचे काम सोपवावे. तिची भूक भागेल, आणि आपल्याला मिळालेले वाटायचे असते हे कोणी न सांगता तिला उमगेल.

परमेश्वराने आपल्या घरांत जी बुद्धी सोपवली आहे ती ओळखण्याची नजर तो आपणांस देवो, आणि ती ज्यांच्याजवळ कमी दिसते त्यांच्यावरही तेवढीच माया करण्याचे मन देवो.