पाहुणा की प्रेक्षक?

दुर्गम प्रदेशांच्या प्रवासाची हौस आपल्या सुशिक्षित समाजात वाढत चालली आहे. तापीच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगांत तोरणमाळ, अक्राणी, अक्कलकुवा हा भिल्ल व पावरा लोकांचा मुलूख आहे. होळीच्या सुमारास तेथे जाऊन येणे हे आता रसिकतेचे लक्षण समजले जाते. ही हौस निंद्य नव्हे. परंतु जे दुसऱ्याचे जीवन, ते आपण केवळ पाहण्याची वस्तू मानावी काय, हा प्रश्न तिच्या पोटात दडलेला आहे.

काठी येथील राजवाडी होळीचेच उदाहरण घ्या. कमरेस भोपळे बांधून, मस्तकी मोरपिसांचा टोप चढवून, अंगावर राखेची नक्षी काढून रात्रभर नाचणारे पुरुष पाहिले की आपण त्यास लोकनृत्य म्हणून मोकळे होतो. वास्तविक ते व्रतस्थ असतात. कित्येक दिवस भूमीवर शयन व ब्रह्मचर्य पाळून ते नवस फेडावयास उतरलेले असतात. पंढरीच्या वाटेवर टाळ घेऊन नाचणाऱ्या वारकऱ्यास आपण नर्तक म्हणत नाही; मग येथे निराळा न्याय का?

यावर कोणी म्हणेल, पाहिल्यावाचून प्रेम कसे उपजावे? आक्षेप खरा आहे. औंधच्या डोंगरावर श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली वस्तुसंग्रहालय उघडले, ते सामान्य जनांची दृष्टी संस्कारित व्हावी म्हणूनच. पण दालनातील मूर्ती पाहणाऱ्यापाशी काही मागत नाही. जिवंत माणूस मागतो. आणि त्याचे मागणे ऐकण्याची तयारी नसेल तर आपले प्रेम हे निव्वळ कुतूहल ठरते.

शिवाय त्याचे आपल्याकडे जुने येणे आहे. सरदार सरोवराच्या जलाशयाने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित केली. मणिबेली हे त्यांतील पहिले. त्या प्रकल्पाच्या विजेत आपल्या राज्याचा वाटा शेकडा २७. ज्याच्या बुडालेल्या शेतावर आपला दिवा जळतो, त्याच्या अंगणात आपण निर्लेप रसिक म्हणून उभे राहू शकत नाही.

मग जाऊच नये काय? तसे नव्हे. न जाण्याने ऋण फिटत नाही, ते फक्त दिसेनासे होते. जावे, पण पाहुणा म्हणून. प्रेक्षक मोल देऊन हक्क विकत घेतो. पाहुणा उंबऱ्याशी थांबतो, विचारतो आणि नकार मिळाला तर रागावत नाही.

हाच नियम राज्यकर्त्यांसही लागू आहे. वनहक्क कायदा २००६ साली झाला आणि वनावरील दाव्यांची सुनावणी ग्रामसभेपासून सुरू व्हावी असे ठरले. ‘त्या लोकांना काय कळते?’ ही शंका तरीही ऐकू येतेच. औंध संस्थानच्या शेतकऱ्यांविषयीही ती घेतली गेली असती. तथापि २१ जानेवारी १९३९ रोजी राजाने आपली सत्ता प्रजेस दिली, आणि ७२ गावांच्या त्या संस्थानाचा कारभार पंचायतींच्या पायावर उभा राहिला. या प्रयोगाचा अभिमान मिरवणाऱ्या आपणांस सातपुड्यातील पाड्याचे शहाणपण नाकारण्याचा अधिकार उरत नाही.

दुसऱ्याच्या वारशाचा आदर म्हणजे त्याची स्तुती नव्हे. आपले घर, आपले रान व आपले देव यांविषयी अखेरचा शब्द त्याचा आहे, हे मान्य करणे म्हणजे आदर.