दोषशोधन आणि दोषारोप

घरातली एखादी वस्तू बिघडली की त्या घराच्या न्यायबुद्धीची परीक्षा होते. पूर्वी विहिरीचा दोर तुटे, कंदिलाची काच तडके. दोष कोठे आहे ते डोळ्यांना दिसे, आणि त्यावरून उठलेले भांडणही त्यामुळे लवकर मिटे. आजच्या घरात राउटर नावाची एक वीतभर पेटी भिंतीला टेकून चार-पाच दिवे मिचकावीत बसलेली असते. तिच्याकडून येणारे इंटरनेट तुटले, तर दिसत काहीच नाही. वीज असते, पंखा फिरत असतो, दिवेही लागलेले असतात. फक्त मुलाचा वर्ग मध्येच थांबलेला असतो, किंवा मस्कतहून बोलणाऱ्या लेकाचा चेहरा पडद्यावर गोठलेला असतो. दोष दिसत नाही, म्हणून मग त्याला दिसणारा धनी शोधण्याची घाई सुरू होते. कोणी कंपनीला शिव्या देतो, कोणी खेळ खेळत बसणाऱ्या धाकट्याला, कोणी ‘आजोबांनी काहीतरी दाबलं असेल’ असे म्हणून मोकळा होतो. तपासाला अद्याप कोणी हातही लावलेला नसतो.

एवढ्याशा पेटीवरून नीतीचा प्रश्न कसला काढता, असे कोणी विचारील. त्यांना मी एवढेच सांगेन की ही पेटी आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. वसतिगृहात मोबाइल वापरण्यावर घातलेल्या बंधनाविरुद्ध एका विद्यार्थिनीने दाद मागितली, तेव्हा केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली इंटरनेट मिळण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग मानला. ज्या वस्तूवर घरातल्या मुलीची परीक्षा आणि मुलाची नोकरी अवलंबून आहे, तिच्या बिघाडाचे खापर कोणाच्या माथी फुटते हा प्रश्न लहान म्हणता येणार नाही. शिवाय माझा अनुभव असा की हे खापर बहुधा ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्याच माथी फुटते.

आता यंत्राची बाजू थोडी समजावून घेऊ. आज बऱ्याच घरांत काचतंतूची केबल येते. तिच्यातून प्रकाश येतो आणि पेटीत त्याचे विजेच्या संकेतांत रूपांतर होते. प्रकाश पोचलाच नाही, तर पुष्कळशा पेट्यांवर ‘एल.ओ.एस.’ अशा खुणेचा तांबडा दिवा लागतो. तो लागला असेल तर दोष बहुधा केबलमध्ये किंवा तिच्या पलीकडे. पावसाळ्यात माडाची झावळी पडून खांबावरची तार तुटणे आपल्याकडे काही नवे नाही. तो दिवा नसेल, तर संगणक तारेने थेट पेटीला जोडून पाहावा. तारेने काम सुरळीत चालते आणि बिनतारी मात्र चालत नाही, असे आढळले तर कंपनी निर्दोष सुटली. दोष आपल्याच घरातल्या हवेत आहे. संगणकाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल, तर पेटीने त्याला पत्ता दिलेलाच नाही आणि त्याने तो स्वतःच घेतला आहे. आणि ८.८.८.८ सारख्या अंकी पत्त्याकडून उत्तर येते पण नावाने कोणतेच स्थळ उघडत नाही, अशी स्थिती असेल तर रस्ता शाबूत आहे, फक्त नावांवरून पत्ते सांगणारी वही हरवली आहे. घराच्या क्रमांकावर पत्र पोचते, नावाने पाठवले तर परत येते, तसाच हा प्रकार. म्हणजे यंत्र मुके नाही. विचारले तर ते साक्ष देते. मात्र एका वेळी एकच प्रश्न विचारावा लागतो आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावे लागते.

हे थांबणेच आपल्याला नको असते, म्हणून आपण पेटी बंद करून पुन्हा चालू करतो. हा उपाय खोटा आहे असे मी म्हणणार नाही. पेटीची साचलेली स्मृती त्याने पुसली जाते, नवा पत्ता मिळतो, कधी कधी ती बिनतारी संदेशांसाठी वेगळी वाट निवडते, आणि काम चालू होते. (मागच्या बारीक छिद्रात काडी खुपसण्याचा उपाय मात्र याहून फार निराळा. बंद करून चालू करणे ही एका रात्रीची कोठडी असेल, तर ते छिद्र म्हणजे काळे पाणी. सगळ्या जुळण्या पुसून जातात आणि मग कंपनीचा माणूस येईपर्यंत घर उपाशी.) पण या सोप्या उपायात एक दुर्गुण आहे. पंचनामा होण्यापूर्वीच जागा सारवून काढावी, तसे त्याने पुराव्याचे होते. दिवे कोणते लागले होते, पत्ता कोणता होता, तारेने चालत होते की नाही, हे आता कळण्याचा मार्ग उरत नाही. आणि चालू झाल्यावर ज्याचा जो आधीचा संशय होता तो जशाचा तसा राहतो, किंबहुना बळावतो. धाकट्याला ओरडून पेटी चालू केली आणि ती चालली. म्हणजे दोष धाकट्याचाच! कावळा बसला आणि फांदी मोडली, यापेक्षा या अनुमानात अधिक काही नाही.

फोंडा तालुक्यातल्या परिचयाच्या एका जुन्या घराची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. भिंती चिऱ्याच्या, हात-दीड हात जाडीच्या. राउटर पुढच्या सोप्यात. सनदी लेखापालाच्या परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलीची खोली मागे, आणि दोहोंच्या मध्ये स्वयंपाकघर. रोज संध्याकाळी सातच्या सुमारास तिचा वर्ग तुटे, पाच-सात मिनिटांनी आपोआप सावरे. त्याच सुमारास कामाला येणाऱ्या बाई येत. त्या आधी सोप्यातला केर काढीत आणि मग स्वयंपाकघरात जात. एकदा राउटरचा प्लग त्यांच्या हातात दिसला होता. मागची धूळ पुसण्यासाठी त्यांनी तो काढला होता आणि पुन्हा लावला होता. एवढे पुरेसे झाले. कोणी आरोप केला नाही, आवाज चढवला नाही. गृहिणीने फक्त सांगितले की उद्यापासून सोप्यातला केर मी काढीन, तुम्ही आतलेच पाहा. बाईंना काय समजायचे ते समजले.

केर गृहिणी काढू लागली तरी वर्ग तुटायचा तो तुटतच राहिला. तेव्हा त्या मुलीने वही घातली. दहा दिवस तुटण्याची वेळ आणि त्या वेळी घरात काय चालले होते ते तिने लिहून ठेवले. दोन दिवस ती तारेने जोडून बसली. त्या दोन्ही दिवशी वर्ग तुटला नाही. म्हणजे कंपनी सुटली. वहीत आणखी एक गोष्ट सापडली. दहांपैकी दोन दिवस बाई रजेवर होत्या, आणि त्या दिवशीही वर्ग तुटला होता, फक्त सातऐवजी आठ वाजता. पूर्वीही असे झाले असलेच पाहिजे. पण बाई नसत त्या दिवशी घरचे लोक म्हणत, आज लाइनच खराब दिसते. संशयित हजर असताना जे घडे ते पुरावा म्हणून मोजले जाई, आणि तो गैरहजर असताना तेच घडले तर तो दैवयोग ठरे.

खरे कारण ओट्यावर होते. बाई आल्या की म्हाताऱ्या माणसांचे जेवण मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये गरम करीत; त्या नसल्या की गृहिणी आठ वाजता तेच करी. हा ओव्हन सुमारे २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरींनी अन्न तापवतो, आणि वायफायचा जुना, सर्वत्र चालणारा पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा, म्हणजे अगदी त्याच शेजारातला. वायफायच्या पेटीचे प्रक्षेपण वॅटच्या दशांशाच्या आसपास असते आणि ओव्हनची शक्ती आठशे-हजार वॅटची. त्याच्या दारातून बाहेर पाझरणारा अंश माणसाला अपाय न करण्याइतका अल्प असला, तरी जाड भिंतींतून क्षीण होऊन आलेला आवाज बुडवायला तो पुरतो. मुलीने वाटीत पाणी ठेवून ओव्हन चालू केला, जोड तुटली. बंद केला, जोड आली. तीनदा करून पाहिले, तीनदा तेच झाले.

आपल्या नैयायिकांनी या चुकीला फार पूर्वी नाव देऊन ठेवले आहे. अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे अनुमान ते नाकारतात. कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओले सरपण लागते, आणि ते लक्षात न घेणाऱ्याच्या अनुमानात ‘उपाधी’ हा दोष येतो. त्या घरात बाई या अग्नीच्या जागी होत्या आणि ओव्हन ओल्या सरपणाच्या. अमुक असताना अमुक घडते, हा अन्वय घरच्यांनी पाहिला होता. ते नसताना घडत नाही ना, हा व्यतिरेक पाहण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. १८७२ च्या साक्ष कायद्यात, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही, जो एखादी गोष्ट खरी म्हणून निकाल मागतो त्यानेच ती सिद्ध करावी असा दंडक आहे. घरात हा दंडक उलटा फिरतो. मी प्लगला हात लावला नाही, हे त्या बाईंनी कशाने सिद्ध करावे?

व्यवहारी माणसाचे म्हणणे मला ठाऊक आहे. वही घालायला वेळ कोणाला आहे? काम चालू झाले की पुरे. एकदाच उद्भवलेल्या बिघाडापुरते हे म्हणणे मला मान्य आहे. प्रत्येक ठेचेची चौकशी मांडणाऱ्या माणसाबरोबर संसार करणे कठीण. पण ज्या क्षणी आपण बिघाडाला एखाद्या माणसाचे नाव देतो, त्या क्षणी ही सवलत संपते. यंत्राविषयी अज्ञानात राहण्याची मुभा प्रत्येकाला आहे. त्या अज्ञानाची किंमत दुसऱ्याच्या अब्रूतून वळती करून घेण्याची मुभा मात्र कोणालाही नाही. कंपनीच्या वतीने शिडी घेऊन येणाऱ्या तरुणालाही हेच लागू आहे. तो बहुधा कंत्राटावर असतो; केबल कोठून न्यायची ते त्याने ठरवलेले नसते आणि तक्रार आठ दिवस पडून राहिली तर तीही त्याने पाडून ठेवलेली नसते. धनी समोर नाही म्हणून मुनिमाला फैलावर घ्यावे, तसे आपण त्याला घेतो. त्याला तांबडा दिवा केव्हापासून लागला हे सांगितले, तर त्याचे अर्धे काम होते.

त्या घरापुरते सांगायचे तर ओव्हन दुसऱ्या भिंतीकडे हलवला आहे. मागच्या खोलीपर्यंत तार ओढून तेथे एक छोटी पेटी बसवली आहे. ती ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालते. जाड भिंतींतून तो पट्टा फारसा जात नाही, पण ओव्हनचा उपद्रव त्याला नाही. मुलीचा वर्ग आता तुटत नाही. राहिला आहे तो एकच मुद्दा, आणि त्यावर त्या घरात एकमत नाही. न्यायालयात आरोपी निर्दोष ठरला तर निकाल खुल्या न्यायालयात, त्याच्या कानांवर पडेल असा, वाचला जातो. गृहिणीचे म्हणणे असे की आपण आरोप कधी केलाच नव्हता, मग निर्दोष ठरवायचे कशाला? उगाच बोलून बाईंचे मन दुखवायचे! मुलीचे म्हणणे असे की आरोप शब्दांत झाला नसला तरी शिक्षा झाली आहे, आणि ती रोज सकाळ-संध्याकाळ चालू आहे. मला दोघींनी विचारले, तेव्हा मी मुलीच्या बाजूने मत दिले. सोप्यातला केर मात्र अजून गृहिणीच काढते.