मानेतील ग्रंथी आणि संसारातील अबोला

१९२७ सालच्या जुलै महिन्यात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक काढला, आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये हॅरिंग्टन व बार्जर या संशोधकांनी अवटु ग्रंथीचा, म्हणजे आज सर्वतोमुखी झालेल्या थायरॉईडचा, स्राव प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने सिद्ध केला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. परंतु पुढील जवळजवळ शंभर वर्षांत एकीचे फळ तालुक्याच्या औषधदुकानापर्यंत येऊन पोहोचले, आणि कामजीवनाविषयी मोकळेपणाने बोलावे हा जो कर्व्यांचा आग्रह होता तो मात्र आमच्या घरांच्या उंबरठ्याबाहेरच तिष्ठत राहिला.

आमच्या हिंगोली जिल्ह्यातील वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा यांपैकी कोणत्याही तालुक्याच्या गावी आज या कृत्रिम स्रावाची गोळी मिळते, आणि ‘मला थायरॉईड आहे’ असे सांगताना हळदीच्या शेतात राबणाऱ्या बाईलाही संकोच वाटत नाही. परंतु त्याच बाईला, नवऱ्याच्या जवळ जाण्याची इच्छाच आता उरलेली नाही, ही दुसरी कैफियत मांडायची असेल, तर ती कोणापुढे मांडावी हे कळत नाही. तपासणीच्या खोलीत शेजारच्या स्टुलावर सासूबाई बसलेल्या असतात, केस पेपरवर ‘थकवा, वजन वाढले, केस गळतात’ एवढीच नोंद होते, आणि जी गोष्ट त्या संसाराला आतून पोखरत असते ती दप्तरी कधी येतच नाही. पुरुषाची अवस्था याहून बिकट. त्याला आपली अडचण उच्चारण्याचे धैर्य झालेच, तर ते ‘मर्दानी कमजोरी’वर शर्तिया इलाजाची जाहिरात भिंतीवर रंगवणाऱ्या एखाद्या भोंदू वैदूपाशी होते, आणि तेथे रक्त तपासले जात नाही, फक्त पुड्या बांधून दिल्या जातात. माझे म्हणणे असे की, ज्याला आपण स्वभावाचा रुक्षपणा, मनाचा दुरावा किंवा पौरुषाची उणीव म्हणून दोष देतो, तो पुष्कळदा एका लहानशा ग्रंथीचा विकार असतो. आणि त्याच्या उपचारात खरा अडथळा आमच्या मौनाचा आहे, औषधाच्या अभावाचा नव्हे.

या ग्रंथीचा स्राव कमी पडला म्हणजे देहाचा सगळा व्यापार मंदावतो. अनुभवी डॉक्टर रुग्णाला खुर्चीवर गुडघे टेकवून उभे करतो आणि टाचेवरच्या कंडरेवर लहानशी हातोडी हलकेच मारतो. पाऊल झटकन उडते, पण मूळ जागी परतताना रेंगाळते. हीच मंदगती आतड्यांत, त्वचेत, मनात आणि कामेच्छेतही उतरलेली असते. स्राव अपुरा पडल्यामुळे मेंदूकडून ग्रंथीला वारंवार हुकूम सुटू लागतात, आणि त्याच हुकुमांच्या ओघात बाळंतिणीला दूध आणणारा प्रोलॅक्टिन हा दुसरा स्रावही वाढतो. त्यामुळे स्त्रीबीज वेळेवर बाहेर पडत नाही, पाळी बिघडते, गर्भधारणा लांबते, इच्छा विझत जाते, आणि योनिमार्गाच्या कोरडेपणामुळे संबंध वेदनामय होतो. पुरुषात इच्छेबरोबर ताठरताही उणावते व वीर्यस्खलनास विलंब लागतो. उलट स्राव अति झाला, तर छाती धडधडते, पुढे धरलेल्या बोटांवर ठेवलेला कागद थरथरतो, आणि पुरुषाला शीघ्रपतनाचा त्रास जडतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील एका अभ्यासात अतिस्राव असलेल्या पुरुषांपैकी निम्म्यांना ही तक्रार होती. ग्रंथीचा स्राव पूर्ववत झाल्यावर ते प्रमाण १५ टक्क्यांवर आले. किती संसारांत या गोष्टीचा दोष एकमेकांच्या माथी मारला गेला असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला बोलल्यावाचून राहवत नाही. स्राव कमी असता पाळीत अंगावरून फार जाऊ लागते, आणि मराठवाड्यात अशा तक्रारीचा शेवट वारंवार ‘पिशवी काढण्यात’ होतो. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्या सर्वांना थायरॉईडच होता असे मी मुळीच म्हणत नाही. दारिद्र्य, कष्ट आणि नफ्याचा लोभ ही कारणे तेथे उघड आहेत. परंतु गर्भाशयावर शस्त्र चालवण्यापूर्वी रक्ताची एक साधी तपासणी व्हावी, एवढी मागणी अवास्तव नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, मुंबई व गोव्यासह आठ शहरांतील पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांत या ग्रंथीची मंदता आढळली, आणि समुद्रकाठच्या शहरांपेक्षा अंतर्भागातील शहरांत ती अधिक होती. हिंगोलीला तर समुद्र फारच दूर.

याचा अर्थ कामजीवनातील प्रत्येक तक्रारीचे मूळ मानेत शोधावे असा नाही. मधुमेह, दारू, रक्तदाबाची काही औषधे, मनाचा ताण, घरात एकांताचा अभाव, हीही कारणे आहेत. आणि स्राव पुरेसा असताना ताकदीचे औषध म्हणून ही गोळी घेणे हृदयाला व हाडांना घातक ठरते. ज्याला ती खरोखर हवी, त्याने सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी, चहा निदान अर्ध्या तासाने प्यावा, लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या चार तास दूर ठेवाव्यात, आणि गुण दिसण्यास आठवडे, प्रसंगी महिने लागतात हे पतिपत्नी दोघांनीही ध्यानात घ्यावे.

वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे छापली म्हणून कर्व्यांवर १९३४ साली अश्लीलतेचा खटला चालला. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते, तरी निकाल विरुद्ध गेला. आज असा प्रश्न विचारणाऱ्यावर कोणी फिर्याद करणार नाही. २०२४ पासून हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथील अध्यापकांना माझी विनंती आहे की, थायरॉईडचा रुग्ण समोर आला की सोबतच्या माणसांना क्षणभर बाहेर बसवावे, ‘नवराबायकोचे संबंध नीट आहेत ना?’ हा प्रश्न स्वतः विचारावा, आणि तो विचारण्याची सवय पहिल्या तुकडीच्या विद्यार्थ्यांना आत्तापासूनच लावावी.