खरे सांगणारीच घरी का बसली?

नांदगावात ‘अप-डाऊन’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. गाव मुंबई-भुसावळ लोहमार्गावर आहे. मनमाड पंचवीस-सव्वीस किलोमीटर, मालेगाव रस्त्याने चाळीस-पंचेचाळीस, नाशिक शंभराच्या आसपास. पदवीच्या पुढे काही शिकायचे म्हटले की सकाळी डबा घेऊन निघायचे आणि दिवेलागणीला परतायचे. पदवीच्या कागदावर ज्या विद्यापीठाचे नाव असते ते पुण्यात, सुमारे अडीचशे किलोमीटर दूर. आमच्यातल्या अनेकींनी ते आजही पाहिलेले नाही.

२०१२-१३ साली आम्ही चौघी नांदगावहून मालेगावला बी.एड.साठी रोज जात-येत होतो. चौघीही उर्दू माध्यमात शिकलेल्या, आणि चौघींच्याही घरातली ही पहिलीच बी.एड. तेव्हा हा अभ्यासक्रम एका वर्षाचा होता. दोन वर्षांचा तो २०१५ पासून झाला. एका वर्षाचाच प्रश्न आहे, म्हणून घरच्यांनी होकार दिला. अट एकच होती: चौघी सोबत जातील, सोबत येतील. आज आमच्यापैकी तिघी शिक्षिका आहेत. चौथी नाही. ती नापास झाली नाही, तिचे लग्नही तेव्हा ठरले नव्हते. तिने एकदा घरी खरे सांगितले, एवढेच झाले. त्या घटनेने जो प्रश्न आमच्यापुढे टाकला, तो आज वाचकांपुढे ठेवायचा आहे.

संध्याकाळची गाडी भरलेली असे. उभ्याने यावे लागे. पावसाळ्यानंतर एक इसम वरचेवर आमच्या मागे येऊन उभा राहू लागला. गर्दीचे निमित्त करून तो काय करीत असे, हे बसने फिरलेल्या कुठल्याही बाईला सांगावे लागणार नाही. आम्ही आमच्यापुरते उपाय काढले. हिजाबची पिन हातात धरायची. जिला त्रास होईल तिला मध्ये घ्यायचे. कंडक्टरच्या जवळ उभे राहायचे. आणि शेवटचा उपाय, न बोलताच ठरलेला: घरी सांगायचे नाही. सांगितले तर त्या माणसाचे काही होणार नव्हते, आमचे कॉलेज मात्र बंद होणार होते. हे चौघींनाही पक्के ठाऊक होते.

मग डिसेंबर आला. १६ डिसेंबर २०१२ रोजी दिल्लीत चालत्या बसमध्ये एका विद्यार्थिनीवर जो अत्याचार झाला, त्याची बातमी घराघरांत पोचली. देशभर लोक रस्त्यावर उतरले, पुढच्या वर्षी कायदा बदलला. आमच्या मोहल्ल्यात मात्र त्या बातमीचा अर्थ एवढाच निघाला की मुलींनी बसने जाऊ नये. चौथीच्या अब्बांनी तिला समोर बसवून विचारले, “बेटा, रस्त्यात कधी काही त्रास होतो का?” बाप इतक्या मायेने विचारतो आहे, त्याच्याशी खोटे कसे बोलावे, असे तिला वाटले. तिने सांगितले. दुसऱ्या दिवशी बसस्थानकावर आम्ही तिघीच होतो.

तिचे अब्बा खात्री करून घ्यायला आमच्या तिघींच्या घरी आले. “तुम्हालाही त्रास झाला का?” आम्ही नाही म्हणालो. तिन्ही घरांत, वेगवेगळ्या वेळी, काहीही ठरवलेले नसताना एकच उत्तर. आमचे कॉलेज वाचले. पण त्या उत्तराने आणखी एक काम केले. त्रास एकटीलाच झाला, म्हणजे दोष तिच्यातच काही असेल, अशी कुजबुज सुरू झाली. ती कुजबुज आम्ही ऐकली आणि तेव्हाही गप्प राहिलो.

खोटे बोलणे गुनाह आहे, हे आम्ही वर्गात रोज शिकवतो. पण तेवढ्याने प्रश्न मिटत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९७ मध्ये असे मांडले की, जीव घ्यायला निघालेल्या माणसाने दारात उभे राहून विचारले तरी त्याच्याशी खोटे बोलू नये. इमाम गझाली यांची भूमिका वेगळी आहे. ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये जिभेच्या आफतींची चर्चा करताना ते म्हणतात की बोलणे हे साधन आहे. चांगला हेतू खऱ्याने साधत असेल तर खोटे हरामच. पण खोट्यावाचून तो साधणारच नसेल तर मुभा आहे. जालिमापासून लपलेल्या निरपराधाचा ठावठिकाणा सांगू नये, तिथे खोटे बोलणे हेच कर्तव्य. आम्ही कितीतरी वर्षे गझालींच्या या आडोशाला उभे राहिलो. इल्म मिळवणे हे कर्तव्य, त्यासाठी गप्प बसलो, असे स्वतःला समजावीत राहिलो.

पण तो आडोसा पुरत नाही. स्वतःच्या घरी न सांगणे आणि तिच्या अब्बांना नाही म्हणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याची किंमत आम्ही स्वतः रोज मोजत होतो. दुसऱ्याची किंमत तिने मोजली. खोट्याने काय साधते एवढेच पाहून चालत नाही, ते कुणाच्या अंगावर पडते हेही पाहावे लागते. गझालींचे उदाहरण मजलूमला वाचवण्याचे आहे. आम्ही मजलूमलाच उघड्यावर सोडले.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नात ती भेटली. आम्ही कशीबशी माफी मागितली. ती म्हणाली, “तुम्ही हो म्हणाला असतात तर चौघीही घरी बसलो असतो, हे मला कळतं. मग आज मोहल्ल्यातल्या पोरींना शिकवायला कोण असतं? पण मी खरं बोलले होते, हे एकदा तरी कुणीतरी अब्बांना सांगायला हवं होतं. आता ते नाहीत.”

तिच्या बोलण्यातली पहिली गोष्ट नीट पाहावी. चौघी खरे बोलल्या असत्या तर चौघींचे शिक्षण संपले असते. चौघी खोटे बोलल्या असत्या तर चौघी शिकल्या असत्या. दोन्ही वेळा तो इसम मात्र त्याच गाडीत, त्याच जागी. ज्या घरात खऱ्याला शिक्षा आणि खोट्याला बक्षीस आहे, त्या घराला मुलीच्या सचोटीची परीक्षा घेण्याचा अधिकार कितपत उरतो?

तिचे अब्बा कठोर नव्हते. उसने पैसे घेऊन त्यांनी फी भरली होती. त्यांना वाटले, आपण मुलीला वाचवले. पण ती नेमकी कशापासून वाचली? काही जण इथे मेहरमच्या अटीकडे बोट दाखवतील. हनफी उलेमांनी शरई सफरचे जे अंतर सांगितले आहे, ते अठ्ठेचाळीस मैल, म्हणजे सुमारे सत्त्याहत्तर किलोमीटर मानण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. मालेगाव त्याच्या कितीतरी आत येते. तेव्हा शरियतचा प्रश्न तिथे आलाच नव्हता. भीती होती ती लोक काय म्हणतील याची.

आणि अंतर त्याहून जास्त असते तरी? बुखारी शरीफमध्ये हजरत अदी बिन हातिम यांची हदीस आहे. एकाने येऊन वाटमारीची तक्रार केली, तेव्हा रसूलुल्लाह (स.) यांनी अदींना सांगितले की तुम्हाला आयुष्य लाभले तर तुम्ही पाहाल, हीरा शहरातून एक बाई निघेल आणि काबागृहापर्यंत येईल, आणि वाटेत तिला अल्लाहखेरीज कुणाचे भय नसेल. पुढे अदींनी ते डोळ्यांनी पाहिले. ही भविष्यवाणी आहे, परवानगी नव्हे, असे अनेक उलेमा म्हणतात. मान्य. परंतु तक्रार रस्त्याची होती आणि उत्तरही रस्त्याचेच मिळाले, हे कसे विसरावे? चांगल्या राज्याची खूण म्हणून बाईचा निर्भय प्रवास सांगितला गेला. रस्ता वाईट असणे हे समाजावरचे कर्ज आहे. मुलीला घरी बसवून आपण ते तिच्याकडून वसूल करतो.

आमच्या विद्यापीठाला २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले गेले. १८४८ मध्ये पुण्यात मुलींना शिकवायला जाताना त्यांच्यावर चिखल आणि शेण फेकले जाई, म्हणून त्या सोबत दुसरे लुगडे नेत, हे आपण मुलांना सांगतो. त्यांच्या धैर्याविषयी बोलतो. एक गोष्ट मात्र राहून जाते. त्या घरी येऊन हे सांगू शकत होत्या. ऐकणाऱ्या जोतीरावांनी ‘उद्यापासून जाऊ नकोस’ असे म्हटले नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी शाळा उघडली. १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात सावित्रीबाई माहेराहून जोतीरावांना लिहितात, त्यात आपल्या माघारी फातिमाला कामाचा ताण पडत असेल याची काळजी आहे. रस्त्यावर सोबत आणि घरी ऐकणारे माणूस, या दोन्ही गोष्टी लागतात. आमच्याकडे पहिली होती, दुसरी नव्हती.

हे फक्त आपल्या समाजाचे दुखणे आहे, असेही नाही. अर्थशास्त्रज्ञ गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तेव्हा असे दिसले की रस्ता सुरक्षित वाटावा म्हणून मुली अधिक चांगले कॉलेज सोडून कमी दर्जाचे कॉलेज पत्करतात. सरकारने आपल्या बाजूने तिकीट हलके केले आहे. बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना एस.टी.चा पास मोफत आहे, आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. मुकाट सोसण्याची किंमत मात्र कुठल्याही सवलतीत बसत नाही. ती कमी करणे घराच्याच हातात आहे.

गेल्या वर्षी आमची एक माजी विद्यार्थिनी भेटायला आली. कॉलेजच्या वाटेवर तिला त्रास होत होता. सगळे सांगून झाल्यावर म्हणाली, “बाजी, घरी सांगू नका.” बारा वर्षांपूर्वीचे आमचेच वाक्य आमच्यासमोर येऊन बसले होते. आम्ही तिची संमती घेतली आणि तिच्या घरी गेलो. तिच्या वडिलांना म्हणालो, “आधी शब्द द्या की तिचे कॉलेज बंद होणार नाही. मगच आम्ही बोलू.” ते बराच वेळ गप्प राहिले. मग शब्द दिला. पुढचे आठ दिवस ते स्वतः त्या गाडीने गेले, कंडक्टरशी बोलले, पोलिसांत तक्रार दिली. मुलगी आजही जाते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. मुलीला ‘त्रास होतो का’ असे विचारण्याआधी घराने हमी द्यावी, विचारपूस त्यानंतर करावी. हमी न देता विचारले तर मुलीपुढे दोनच वाटा उरतात: आमची, नाही तर चौथीची. आणि मुलगी काही सांगत नाही म्हणजे त्रास नाही, असे कुणी समजू नये. आम्हीही काही सांगत नव्हतो.

चौथीची मुलगी आता पाचवीत आहे. सात-आठ वर्षांनी तीही अप-डाऊन करू लागेल. तिच्या आईने तिला आतापासूनच सांगून ठेवले आहे, “रस्त्यात जे होईल ते मला येऊन सांग. कॉलेज बंद होणार नाही.”