राखणीचा रोज

गंगाखेड तालुक्यातल्या एका गावात तात्या हिशेबाला पक्के. मोंढ्यातली पट्टी नुसती ऐकून बेरीज सांगायचे. सत्तरी ओलांडली आणि तेच तात्या दुकानदाराची एकच उधारी दोनदा फेडू लागले. वासरू विकून आलेले पैसे त्यांनी कुठं ठेवले, ते कुणालाच सापडले नाहीत. लोक म्हणाले, "साठी बुद्धी नाठी." एका रात्री ते एकटेच गोदावरीच्या वाटेला लागलेले दिसले, तेव्हा कुठं धाकट्या मुलानं त्यांना परभणीला नेलं.

डॉक्टर म्हणाले, "हा वयाचा दोष नाही, अल्झायमर आहे. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज आहे, आणि त्याचं सगळ्यात मोठं कारण हाच आजार. गोळ्यांनी काही काळ आधार मिळेल, पण आजार मागं फिरणार नाही. सोबतीला कायम माणूस लागेल."

माणूस म्हणजे धाकटी सून, हे कुणी ठरवलं नाही. सगळे ते धरूनच चालले. तिची खुरपणी सुटली, वेचणी सुटली, बचत गटाचा हप्ता थकला. लग्नकार्याला जाणंही बंद झालं.

दिवाळीला थोरला पुण्याहून आला. सोयाबीनचा हिशेब निघाला. बियाणं, खत, फवारणी, काढणी आणि रानडुकरांवर ठेवलेल्या गड्याचा रोज वजा झाला. "उरलं ते निम्मं निम्मं," थोरला म्हणाला.

"भावजी, पिकाच्या राखणीचा रोज लिहिलात. तात्यांच्या राखणीचा?"

"घरच्या माणसाला कसला रोज?"

"मग कापूस वेचून होईतो बाहेरचं माणूस बघा. मी रानात जाते."

थोरला गावभर फिरला. एक बाई म्हणाली, बसेन, पण आंघोळ घालणार नाही. दुसरा म्हणाला, रात्रीचं जागणार नाही. तिसऱ्यानं हातच जोडले. दिवसाचा, रात्रीचा रोज मांडून बघितला, तर वर्षाची बेरीज थोरल्याच्या वाट्याच्या वर गेली.

"एवढे पैसे कुठून आणू?"

चुलती म्हणाली, "नुसते पैसे कोण मागतंय? जनाबाई आपल्या गंगाखेडची. तिच्या जात्याला विठ्ठलानं हात लावला म्हणतात. त्यात देवाला कमीपणा वाटला नाही, तुला रे कसला?"

थोरल्यानं वाटणीआधी वहीत 'तात्यांची राखण' ही ओळ घातली. वेचणीच्या दिवसांत रजा काढून तो बापाजवळ राहू लागला, आणि सून रानात गेली.

बोध: अशा आजाराचा खर्च औषधांच्या बिलात थोडाच दिसतो, घरातल्या एका बाईच्या बुडालेल्या मजुरीत तो जास्त असतो. तो वहीत मांडला, तरच वाटून घेता येतो.