वेतन, व्रत आणि शोकसभा

विद्यापीठांची आणि महाविद्यालयांची वार्तापत्रे कोणी वाङ्मय म्हणून वाचत नाही. नव्या नेमणुका, पदोन्नती, पीएच.डी. मिळवल्याबद्दल अभिनंदन, सेवानिवृत्तीचे शाल-श्रीफळ, निवर्तलेल्या सहकाऱ्याची काळी चौकट आणि त्यानंतर रक्तदान, वृक्षारोपण व दत्तक गावातील शिबिराची छायाचित्रे, एवढाच त्यांचा ऐवज असतो. त्यांतील शब्द वर्षानुवर्षे तेच राहतात आणि नावे तेवढी बदलतात. तरीही या पानांच्या आड धर्मशास्त्राला आणि नीतिशास्त्राला फार पूर्वीपासून छळणारा एक पेच आहे. शिकवणे ही नोकरी आहे की व्रत, आणि ती नोकरीच असेल तर एका हजेरीपटावर नावे असलेल्या माणसांना एक समाज कशाच्या आधारावर म्हणायचे, असा तो पेच आहे.

पूर्वमीमांसा, म्हणजे वैदिक विधिवाक्यांचा अर्थ लावणारे दर्शन, कर्माचे जे प्रकार मानते ते येथे उपयोगी पडतात. जे रोज करायचेच असते, जे केल्याने वेगळे फळ मिळत नाही पण चुकवल्यास प्रत्यवाय म्हणजे दोष लागतो, ते नित्यकर्म. संध्यावंदन हे त्याचे परिचित उदाहरण. एखादे निमित्त घडले म्हणून करावे लागते, जसे पुत्रजन्मानंतरची जातेष्टी किंवा ग्रहणातले स्नान, ते नैमित्तिक. आणि विशिष्ट फळाची इच्छा असेल त्यानेच करायचे, जसे पावसासाठी कारीरी इष्टी, ते काम्य. ही चाळणी वार्तापत्राला लावली तर सत्कार, निरोप आणि शोकसभा नैमित्तिकात पडतात, पुरस्कार आणि पदोन्नती काम्यात पडतात, आणि ज्याच्यासाठी संस्था अस्तित्वात आली ते नित्यकर्म, म्हणजे ठरल्या वेळी वर्गात जाऊन शिकवणे, त्या पानांत कोठेच दिसत नाही. आजही तास झाला, ही बातमी होऊ शकत नाही. मीमांसकांना यात नवल वाटले नसते. नित्यकर्माची स्तुती करायची नसते, त्याचा लोप तेवढा नोंदवायचा असतो.

पेच सुरू होतो तो या नित्यकर्माला मोल लागते तेव्हा. मनुस्मृती आचार्य आणि उपाध्याय यांत भेद करते: उपनयन करून वेद शिकवणारा तो आचार्य, आणि वेदाचा एखादा भाग किंवा वेदांगे उपजीविकेसाठी शिकवणारा तो उपाध्याय. मान पहिल्याला कितीतरी अधिक आहे. त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला कोणाला बोलावू नये याची लांबलचक यादी आहे आणि तीत भृतकाध्यापक, म्हणजे वेतन ठरवून शिकवणारा, याचे नाव येते. इतकेच नव्हे, त्याच्याकडे शिकलेल्यालाही त्या पंक्तीतून उठवलेले आहे. विद्या संपल्यावर शिष्याने दिलेली गुरुदक्षिणा मात्र निर्दोष मानली गेली. रक्कम तीच असली तरी आधी ठरवली की वेतन आणि नंतर दिली की दक्षिणा, असा हा हिशेब आहे, आणि तो वाटतो तितका दांभिक नाही. आधी ठरवलेले मोल विद्येला वस्तू बनवते. नंतरचे देणे दोन माणसांतील नाते कबूल करते. या व्यवस्थेत विद्येचा अधिकारच मूठभरांपुरता राखलेला होता, हे मात्र विसरता येत नाही. विद्या विकू नये असे म्हणणे आणि ती बहुतेकांना देऊच नये असे म्हणणे, ही दोन्ही विधाने तेथे एकाच मुखातून येतात.

युरोपातील मध्ययुगीन धर्मशास्त्र्यांपुढे हाच प्रश्न वेगळ्या वाटेने आला. ज्ञान हे ईश्वराचे देणे, म्हणून ते विकणे हे पाप, अशी तेथील चर्चच्या कायदेपंडितांची धारणा होती. 1179 च्या तिसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने प्रत्येक कॅथीड्रलने एका शिक्षकाच्या निर्वाहाची सोय करावी, म्हणजे तो गरीब विद्यार्थ्यांना फुकट शिकवू शकेल, आणि शिकवण्याच्या परवान्यासाठी पैसे घेऊ नयेत, असे ठरवले. पण शहरे वाढली, विद्यार्थी वाढले, आणि चर्चच्या उत्पन्नावर न जगणारे शिक्षकही वाढले. तेव्हा पंडितांनी एक तोड काढली: शिक्षक ज्ञान विकत नाही, तो आपले श्रम विकतो. आजचे प्रत्येक वेतनपत्रक अजाणता याच तोडीवर उभे आहे.

त्याच काळात पॅरिसमध्ये शिक्षकांचा जो संघ उभा राहिला त्याला ‘युनिव्हर्सिटास’ म्हणत. विद्यापीठ या शब्दात आज इमारती, परीक्षा आणि पदव्या डोळ्यांपुढे येतात. त्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ मात्र कायद्याने एक व्यक्ती मानलेला माणसांचा समूह एवढाच होता आणि तो सुतारांच्या संघालाही लागू पडे. 1215 मध्ये पोपचा प्रतिनिधी रॉबर्ट द कुर्सों याने या संघासाठी जे नियम घालून दिले, त्यांत कोणते ग्रंथ शिकवावेत याबरोबरच मरणाचीही तजवीज आहे. विद्यार्थी वारला तर निम्म्या शिक्षकांनी त्याच्या अंत्ययात्रेला जावे आणि पुढच्या खेपेस उरलेल्या निम्म्यांनी. शिक्षक वारला तर सर्वांनी रात्री जागरणाला बसावे, प्रत्येकाने स्तोत्रसंहिता वाचावी किंवा वाचवून घ्यावी, आणि दफनाच्या दिवशी कोणी शिकवू नये, वादसभाही घेऊ नये. राहण्याच्या खोल्यांचे भाडे, अंगावरचा पोशाख आणि मृताचे दफन यांविषयी आपसांत करार करण्याची मुभाही याच नियमांनी दिली. विद्यापीठ नावाची संस्था जिथे आकार घेत होती, तिथे शोक हा सौजन्याचा भाग नव्हता. तो सभासदत्वाचा पुरावा होता. ज्याच्यासाठी तास बंद राहतात तो आपला, इतकी ती व्याख्या सोपी होती.

महाराष्ट्रात हा प्रश्न पूर्ण गांभीर्याने एकदाच घेतला गेला, आणि तो पुण्यात. 1880 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले, पुढच्याच वर्षी आगरकर त्यांना येऊन मिळाले, 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज. या संस्थेचा कणा होता आजीव सदस्य, म्हणजे किमान वीस वर्षे अल्प वेतनावर शिकवण्याची प्रतिज्ञा करून संस्थेचा कारभारही स्वतःच चालवणारा शिक्षक. हा मनूचा आचार्य नव्हता, कारण तो वेतन घेत होता; आणि उपाध्यायही नव्हता, कारण त्याहून कितीतरी मोठा पगार सरकारी खात्यात त्याला सहज मिळाला असता. वेतन आणि व्रत यांच्या मधली ही तिसरी जागा होती, आणि तिथे उभे राहणे किती अवघड आहे हे दहा वर्षांच्या आतच दिसले.

वादाची निमित्ते अनेक होती. पगारवाढ, व्यक्तिगत मिळालेल्या देणग्या, स्वभावही. पण 1890 मध्ये आजीव सदस्य असलेल्या गोखल्यांनी सार्वजनिक सभा या राजकीय संस्थेचे चिटणीसपद स्वीकारले आणि टिळकांनी राजीनामा दिला, तेव्हा मतभेदाचे तत्त्व उघडे पडले. आजीव सदस्याचा सगळा वेळ आणि सगळी कमाई संस्थेची, असे टिळकांचे म्हणणे होते. जेझुइट या ख्रिस्ती संघातील शिक्षक-संन्याशांचा आदर्श त्यांच्यापुढे होता. दुसऱ्या पक्षाच्या मते संस्थेचे काम चोख बजावल्यावर उरलेला वेळ ज्याचा त्याचा, आणि तो लोकांच्या कामी लावण्यात प्रतिज्ञाभंग नाही. टिळकांचे स्वतःचे केसरी आणि मराठा यांतील काम त्यांच्याच कसोटीला कसे उतरते, हा प्रश्न लगेच उभा राहतो. तरी त्यांच्या म्हणण्यातला नेमका मुद्दा त्यामुळे पुसला जात नाही. व्रताला जर शिल्लक वेळ असेल, तर ते व्रत आणि नोकरी यांत फरक उरतो कोठे?

याचे उत्तर टिळकांनीच पुढे अप्रत्यक्षपणे दिले, असे म्हणता येते. 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात त्यांनी संन्यासमार्गापेक्षा कर्मयोग श्रेष्ठ ठरवला आणि ज्ञानी पुरुषानेही लोकसंग्रहासाठी कर्म केले पाहिजे असे प्रतिपादन केले. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील या शब्दाचा अर्थ शांकरभाष्यात लोकांना आडमार्गापासून आवरणे असा आहे. टिळकांच्या हाती तो समाजधारणेच्या व्यापक कर्तव्यापर्यंत पोचला. लोकसंग्रह हा जर ज्ञानाचा धर्म असेल, तर शिकवण्याच्या बाहेरचे काम ही शिक्षकाच्या वेळेतली चोरी ठरत नाही. 1890 चे टिळक मठाच्या बाजूचे होते. 1915 चे टिळक मठाची भिंत ओलांडतात.

ती भिंत प्रत्यक्षात ओलांडून दाखवली धोंडो केशव कर्व्यांनी. 1891 मध्ये ते फर्ग्युसनमध्ये गणिताचे अध्यापक झाले, 1893 मध्ये त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला, 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली, आणि कॉलेजातले तास संपले की ते हिंगण्याच्या आश्रमाची वाट पायी तुडवू लागले. 1914 मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी गणित सोडले नाही. त्याआधीच, 1908 मध्ये, त्यांनी निष्काम कर्म मठ काढला: स्त्रियांच्या शिक्षणासाठी आयुष्य वाहून घेणाऱ्या कार्यकर्त्यांची शपथबद्ध संघटना. नावातले तिन्ही शब्द गीतेच्या आणि संन्यासाच्या परंपरेतून आलेले, पण मठात देवाची गरज नव्हती. आगरकरांच्या बाबतीत तर ही गोष्ट आणखी तीव्र आहे. परलोक, मोक्ष, पुण्यसंचय यांपैकी कशावरही विश्वास नसलेला हा माणूस प्राचार्यपदावर असताना 1895 मध्ये ऐन उमेदीत गेला. त्याआधी सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती. आणि मृत्यूनंतर, चरित्रकार सांगतात त्याप्रमाणे, त्यांनी आपल्या अंत्यसंस्काराचा खर्च एका पुडीत बांधून ठेवलेला आढळला. निष्काम कर्माची ही कदाचित सर्वांत कोरडी आणि सर्वांत शुद्ध आवृत्ती आहे: फळ देणारा कोणी नाही हे ठाऊक असून केलेले कर्म, आणि आपल्या शोकाचाही भार सहकाऱ्यांवर पडू नये ही तजवीज.

आजच्या वार्तापत्रातील शिबिरे या परंपरेची वारस आहेत, निदान कागदावर तरी. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. विद्यार्थ्याने दोन वर्षांत 240 तास सेवा करायची आणि दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर करायचे, असा तिचा साचा आहे. सेवा तासांत मोजली की ती मोजता येईल अशीच केली जाते, हा धोका तिच्यात पहिल्यापासून होता. शिक्षकांपुरता तो 2010 मध्ये अधिक उघड झाला. त्या वर्षीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीने अध्यापकाच्या कामगिरीला गुणांक लावले आणि विस्तारकार्य, म्हणजे महाविद्यालयाबाहेरील समाजासाठी केलेले काम, पदोन्नतीच्या हिशेबात घेतले. मीमांसकाच्या दृष्टीने हा प्रकार-बदल आहे: जे नित्य किंवा निष्काम होते ते काम्य झाले. त्यात पाप नाही; काम्य कर्मही शास्त्रविहित आहे, आणि फळाच्या आशेने खोदलेल्या शोषखड्ड्यात पाणी तेवढेच मुरते. अडचण दुसरीकडे आहे. काम्य कर्म इच्छा संपली की सुटते, त्याला प्रत्यवाय नसतो. आणि शेवटची पदोन्नती मिळाल्यावर दत्तक गावाकडे कोण जातो, हे त्या गावाला चांगले ठाऊक असते.

येथपर्यंतची चर्चा ज्याला पद आहे त्याच्यापुरती झाली. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत एक मोठा वर्ग असा आहे की जो तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणजे ज्याला प्रत्यक्ष घेतलेल्या तासांचेच मानधन मिळते. मानधन हा शब्द विशेष आहे; वेतन देणे टाळायचे असले की मान आठवतो. मनूच्या यादीतला भृतकाध्यापक कोण, असे आज विचारले तर बोट याच्याकडे जाईल, आणि गंमत अशी की वर्गातले नित्यकर्म अनेक ठिकाणी त्याच्याच खांद्यावर आहे. तो पदावर नसल्यामुळे सेवानिवृत्त होत नाही, म्हणून निरोप समारंभ नाही. नेमणूक दर वर्षी नव्याने होते, म्हणून स्वागताची बातमी नाही. शिबिरात मात्र तो असतो, छायाचित्रात मागच्या रांगेत. आणि एखादा सहकारी वारला म्हणून प्राचार्यांनी शोकसभा घेऊन पुढचे तास रद्द केले, तर पॅरिसच्या नियमांना शोभेल असाच तो दिवस होतो. सर्व जण दोन मिनिटे उभे राहतात, हा शिक्षकही उभा राहतो, आणि महिनाअखेरीस देयक भरताना त्या दिवसाचे रकाने रिकामे सोडतो.