नाक कापणाऱ्या वीराचं मुलांना काय सांगायचं?

सानपाड्यातल्या एखाद्या शाळेच्या वाचनालयात जेरोनिमो हे नाव काढलं, तर मुलांना उंदीर आठवेल. जेरोनिमो स्टिल्टन नावाचा, वर्तमानपत्र चालवणारा, भित्रा आणि गमत्या उंदीर. त्याच्या रंगीबेरंगी पुस्तकांवर मुलं तुटून पडतात. हे नाव एका खऱ्या माणसाचं होतं आणि तो अजिबात भित्रा नव्हता, हे फारसं कुणी त्यांना सांगत नाही.

खरा जेरोनिमो अपाची जमातीतला. तो टोळीचा मुखिया नव्हता, वैदू आणि लढवय्या होता. 1850 च्या दशकात मेक्सिकन सैनिकांनी त्याच्या तळावर छापा घातला. त्यात त्याची आई, बायको आणि तीन मुलं मारली गेली. पुढची तीसेक वर्षं तो सूड घेत हिंडला. आधी मेक्सिकोविरुद्ध लढला, मग अपाचींना राखीव वस्त्यांत डांबणाऱ्या अमेरिकेविरुद्ध. 1886 मध्ये त्याने शेवटची शरणागती पत्करली, तेव्हा त्याच्याबरोबर बायकामुलं धरून चाळीस माणसंही नव्हती आणि मागावर होते सुमारे पाच हजार सैनिक. इथवर गोष्ट सोपी आहे. मुलं टाळ्या वाजवतील.

पण एखादं मूल विचारणारच : ‘त्याने ज्यांना मारलं, ते सगळे वाईट होते का?’

नव्हते. सुडाच्या त्या छाप्यांत गुराखी आणि प्रवासी मेले. ज्यांचा त्या कत्तलीशी काडीचा संबंध नव्हता, असेही मेले.

या प्रश्नासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. सानपाडा स्टेशनवर ट्रान्स-हार्बरची ठाणे लोकल पकडावी, पुढे ठाण्यात मध्यवर्ती कारागृह आहे. पोर्तुगीजांनी पाया घातलेल्या जुन्या किल्ल्यातला हा तुरुंग. 2 मे 1848 रोजी इथे राघोजी भांगरेला फाशी दिलं गेलं. हा अकोले तालुक्यातल्या देवगावचा, महादेव कोळी जमातीचा. पेशवाई संपली, इंग्रजांनी डोंगरी किल्ल्यांवरच्या शिबंद्या मोडल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या किल्ल्यांची राखण करणाऱ्या कोळ्यांच्या हातचं काम गेलं. मग दारात सावकार आला. अडाणी माणसाचा अंगठा घेतलेलं खत आणि त्या खतावर शिक्कामोर्तब करणारं इंग्रजांचं कोर्ट, या दोहोंच्या मधे डोंगरातली जमीन भराभर हातची गेली.

राघोजीने बंड केलं. पोलिसांनी त्याचा ठावठिकाणा काढण्यासाठी त्याच्या आईचा छळ केला, आणि तो आणखी पेटला. त्याच्या टोळीने सावकार लुटले, त्यांची नाककानं कापली.

ही नाककानं मोठी अडचणीची. पुतळ्याखालच्या भाषणांत ती बहुधा गाळली जातात. शेजारी इंग्रज सरकारचं गॅझेटिअर ठेवावं, तर तिथे राघोजी निव्वळ दरोडेखोर. एका कागदावर वीर आणि दुसऱ्यावर चोर! माणूस मात्र एकच.

आपल्या परंपरेने हा प्रश्न टाळलेला नाही. शास्त्रांनी आततायी कोण ते सांगितलं : आग लावणारा, विष देणारा, शस्त्र घेऊन अंगावर येणारा, धन, जमीन किंवा बायको पळवणारा. अशाला मारण्यात दोष नाही, असंही सांगितलं. या मापाने सावकार जमीन पळवणारा ठरतो आणि राघोजी सुटतो. पण अर्जुनाला समोरचे आततायी आहेत हे ठाऊक होतं, तरी त्यांना मारून पापच लागेल, असं तो म्हणाला. ते ऐकूनही कृष्णाने त्याला लढायला लावलं खरं, पण राग आणि द्वेष बाजूला ठेवून. नाक कापणाऱ्याचा राग बाजूला राहिलेला असतो का? प्रस्तुत लेखकाच्या मते, नाही. राघोजीचं भांडण न्यायाचं होतं, त्याची सुरी सुडाची होती.

दुसरा रस्ता होता का? 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला. त्यांनी सावकारांच्या घरांतून खतं आणि वह्या बाहेर काढून जाळल्या. माणसांवर हात टाकल्याचे प्रकार फार थोडे घडले. चार वर्षांनी, 1879 मध्ये, सरकारला दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करावा लागला. राघोजीच्या फाशीने असा कायदा झाला नाही. अर्थात सुप्याच्या लोकांना हे सुचलं, त्याआधी डोंगरात राघोजीसारख्यांची बंडं होऊन गेली होती, हेही विसरू नये.

जेरोनिमो आणि राघोजी, दोघांच्याही गोष्टीत देव शेवटी येतो, आणि इथे कथा खरी रंगते. राघोजी पकडला गेला तो पंढरपुरात, यात्रेकरूच्या वेषात, 1848 च्या जानेवारीत. इंग्रजांच्या लेखी तो वेष म्हणजे सोंग. असेलही. पण लपायला सह्याद्रीत घळींची कमी नव्हती, तरी तो विठोबाच्या दाराशी गेला. जेरोनिमोने 1903 मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे जुगाराच्या नादापायी चर्चने त्याला काढून टाकलं. त्याने सांगून लिहवलेल्या आत्मचरित्रात मेक्सिकनांवरचा राग तसाच धगधगत राहिला आहे. देव भेटला म्हणून सूड विझतोच असं नाही. जेरोनिमो 1909 मध्ये ओक्लाहोमात वारला. तेवीस वर्षं युद्धकैदी राहिलेल्या या म्हाताऱ्याचे फोटो जत्रेत विकले जात, आणि विकायला तो स्वतःच बसत असे.

पालकांना एक विनंती. मुलांना राघोजीची गोष्ट सांगताना त्याने नाकं कापली, हे वाक्य गाळू नका. पोलिसांनी त्याच्या आईचा छळ केला, हेही गाळू नका. दोन्ही सांगून झाली की गप्प बसा आणि मुलाला बोलू द्या.